घोडेस्वार का मेला?

मे महिन्यातली दुपार यवतमाळात कशी घालवावी, या प्रश्नावर आमच्या पिढीने काढलेला तोडगा अगदी साधा आहे. अकराच्या आत बाहेरची कामे उरकावीत, दारे-खिडक्या लावून घ्याव्यात आणि कूलरसमोर जे आडवे व्हावे ते पाच वाजेपर्यंत. पारा ४४-४५ वर गेला की शहाणा माणूस आझाद मैदानाकडे फिरकत नाही. गेल्या उन्हाळ्यात मात्र माझ्या या शिस्तीत खंड पडला. पुण्याहून नातू आला होता. आठवीची परीक्षा दिलेला, एका वर्षात वीतभर उंच झालेला आणि काखोटीला लॅपटॉप मारून आलेला. दोन दिवस त्याने माझे घोरणे सहन केले. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आबा, तुम्ही गणिताचे सर होता ना? मग हा खेळ तुम्हाला पाच मिनिटांत जमेल."

३१ वर्षे गणित शिकवलेल्या माणसाला असे डिवचू नये. मी चष्मा पुसून बसलो. ती पाच मिनिटे पुढे तीन आठवडे चालली, आणि त्या तीन आठवड्यांत मी जितका चिडलो तितका दहावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा कधी चिडलो नसेन.

खेळाचे नाव 'बॅटल फॉर वेसनॉथ'. वेसनॉथ हे एक काल्पनिक राज्य. डेव्हिड व्हाइट नावाच्या प्रोग्रामरने दोन जुन्या जपानी खेळांवरून स्फूर्ती घेऊन २००३ साली तो लोकांपुढे ठेवला आणि नंतर देशोदेशीच्या हौशी मंडळींनी फुकटात राबून तो वाढवला. खेळायला पैसे पडत नाहीत, हे ऐकून माझा अर्धा विरोध तिथेच मावळला. इतर व्हिडिओ गेमसारखी यात बोटांची कसरत नाही. प्रकार बुद्धिबळासारखा. आधी तुम्ही आपले सगळे शिपाई हलवायचे, मग प्रतिपक्षाने त्याचे. मध्येच उठून चहा करून आलात तरी शत्रू बिचारा ताटकळत उभा राहतो. पट षटकोनी घरांचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. त्यावर डोंगर, नद्या, जंगल, गावे. तुमचा सरदार किल्ल्यात बसून सोन्याच्या मोहरा मोजतो आणि भालाईत, तिरंदाज, घोडेस्वार, जादूगार अशी भरती करतो. समोर कधी ऑर्क नावाचे राक्षस, तर कधी चालते-बोलते हाडांचे सांगाडे.

आता यात न समजण्यासारखे काय आहे? मलाही तेच वाटले होते. आमच्या घरी बुद्धिबळ होते. वडिलांनी मला देशी पद्धतीने शिकवलेले. प्यादे पहिल्या चालीलासुद्धा एकच घर पुढे. पुढे शाळेच्या स्पर्धेत समोरच्या मुलाने प्यादे दोन घरे सरकवले, तेव्हा मी उठून पंचांकडे तक्रार केली आणि सगळ्या हॉलमध्ये माझे हसे झाले. जवळजवळ साठ वर्षे विसरलेले ते हसे या खेळाने पहिल्याच दुपारी परत आणून दिले.

त्याचे असे झाले. भालाईत १४ मोहरांना मिळतो आणि घोडेस्वार २३ ना. महाग ते चांगले, या संसारी हिशेबाने मी घोडेस्वार घेतला. समोर शत्रूचा एकटा भालाईत उभा होता, पायी. मी बेधडक घोडा घातला आणि माझा २३ मोहरांचा घोडेस्वार जागच्या जागी आडवा झाला. नातू खो खो हसला.

"का मेला?"

"आबा, तो चार्ज करतो ना!"

"मग?"

"मग डबल डॅमेज. दोन्हीकडून. आणि स्पिअरमनला फर्स्ट स्ट्राइक असतो. सोपं आहे हो, पुढे कळेल तुम्हाला."

त्याच्या बोलण्यातले तुकडे जुळवून मला संध्याकाळी जे उमगले ते असे: घोडेस्वार चाल करून जातो तेव्हा त्याचा घाव दुप्पट बसतो, पण त्याला बसणारा घावही दुप्पट होतो. भालाईत हल्ला झेलत असला तरी पहिला वार त्याचाच. शिवाय भाल्यासारखे टोकदार हत्यार घोड्याला जरा जास्तच लागते. हे तीन नियम सुटे सुटे वाचले तर कोणालाही कळतील. तिन्ही एकदम लागू झाले की काय होते, हे मात्र घोडा मेल्याशिवाय कळत नाही.

आणि ते 'पुढे कळेल'! हे दोन शब्द माझ्या चांगले ओळखीचे होते, कारण ते माझेच होते.

दारव्हा तालुक्यातल्या एका शाळेत मी बीजगणित शिकवत असताना तांड्यावरून चालत येणारा एक मुलगा पहिल्या बाकावर बसे. वजा गुणिले वजा बरोबर अधिक, असे मी फळ्यावर लिहिले. त्याने हात वर केला. "सर, दोन कर्जं एकमेकांशी गुणली तर फायदा कसा काय होईल?" वर्ग हसला. मीही हसलो, हे अधिक वाईट. म्हणालो, "आत्ता लिहून घे. पुढे कळेल." पुढच्या वर्षी तो शाळेत नव्हता, आईबापांबरोबर कामाला गेला, असे कोणीतरी सांगितले. माझ्या त्या एका वाक्यामुळे त्याची शाळा सुटली असे म्हणणे म्हणजे मास्तरकीला फारच मोठे समजणे होईल. त्याच्या घरची कारणे त्याहून मोठी होती. पण प्रश्न चांगला होता आणि उत्तर मला त्या दिवशी येत नव्हते. ही गोष्ट मी वर्गापासून लपवली आणि स्वतःपासूनही. उत्तर सुचले ते निवृत्तीनंतर, एकदा कर्जमाफीची बातमी वाचताना. कोणाचे शंभर-शंभर रुपयांचे देणे असेल आणि त्यातली तीन देणी खोडून टाकली, तर माणूस तीनशेने वर येतो. कर्ज हे वजा, खोडणे हेही वजा. यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलाला हे समजायला एक मिनिट लागले नसते.

ज्याला येते त्याला आपल्याला नेमके काय येते हे दिसेनासे होते. माझा नातू हुशार आहे, स्वभावाने गोड आहे, पण शिक्षक म्हणून तो माझ्याइतकाच वाईट. माझा हात माउसवर जरा रेंगाळला की, "थांबा आबा, मी दाखवतो!" पडद्यावर भराभर काहीतरी हले, शत्रू मरे, आणि "बघितलं ना, असं." मी काय बघितले होते? त्याचा हात. आपल्या घरांतून हे रोज चालते. आजीला मोबाइलवरून पैसे पाठवायचे असतात, नात तिच्या हातून फोन ओढून घेते आणि दहा सेकंदांत काम करून परत देते. मग आम्हीच म्हणतो, म्हाताऱ्या माणसांना हे जमत नाही.

दिवस-रात्रीने मला सगळ्यात जास्त छळले. या खेळात प्रत्येक फेरीला वेळ पुढे सरकते: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्रीचे दोन प्रहर. माझे भालाईत आणि घोडेस्वार दिवसा सव्वापट जोराने लढतात, रात्री पाऊणपट. राक्षसांचे आणि सांगाड्यांचे नेमके उलटे. मी पहाटे फौज घेऊन निघे आणि बरोबर तिन्हीसांजेला शत्रूच्या दारात पोहोचे. एकदा नव्हे, पाच वेळा. प्रत्येक वेळी मला वाटे, शिपाई कमी पडले.

या सुमारास धाकटा भाऊ पीककर्जाच्या कागदांसाठी गावाहून आला होता. तो शेती करतो. कॉलेजचे तोंड त्याने पाहिलेले नाही आणि संगणकाला हात लावलेला नाही. चहा पिता पिता तो माझ्या खांद्यावरून पाहत राहिला.

"दादा, रात्रीचे कायले जाऊन राह्यले तिकडे?" तो म्हणाला. "वावरात डुकरं येतेत तवा आपण मचाणावर बसतो. डुकराच्या मागं रानात नाही जात."

मी गप्प. थोड्या वेळाने पुन्हा: "अन् एवढे गडी एकदमच लावले, त्याईची मजुरी कोठून देसान?"

खेळातला हा नियम माझ्या डोक्यात तोवर शिरलाच नव्हता. पटावरची गावे ताब्यात आली की त्यांच्याकडून उत्पन्न मिळते आणि तेवढ्या फौजेचा खर्च भागतो. गावे कमी आणि शिपाई जास्त झाले की दर फेरीला खजिन्याला कात्री. मी गावे धरायच्या आधीच किल्ला माणसांनी भरून टाकत होतो आणि मग ऐन लढाईत हात रिकामे. कपाशीच्या वेचणीला किती बाया लावायच्या आणि कापूस विकला जाईपर्यंत त्यांची मजुरी कशी भागवायची, या विवंचनेत ज्याची हयात गेली त्याला हे शिकवावे लागले नाही. तू खेळून बघ, असा मी त्याला आग्रह केला. "लय वाचा लागते यात," म्हणून तो कूलरसमोर जाऊन झोपला.

जंगलाचेही तसेच. एल्फ नावाचे रानातले लोक या खेळात आहेत. ते झाडीत शिरले की दहातले सहा-सात वार हुकतात, उघड्या माळावर आले की लागतात. मला हे आधी लबाडी वाटली. मग २०१८ साल आठवले. पांढरकवडा-राळेगाव भागातल्या एका वाघिणीसाठी माणसे, हत्ती, कॅमेरे असा सगळा लवाजमा कित्येक महिने आमच्या झुडपी जंगलात फिरत होता. झाडी काय असते हे ज्यांनी तेव्हा पाहिले, त्यांनी या नियमावर तरी रागावू नये.

मी खरा रागावलो तो जादूगारावर. त्याचा वार लागण्याची शक्यता नेहमी ७० टक्के आणि एका हल्ल्यात तीन वार. एका सांगाड्याला संपवायला एकच वार पुरेसा होता. तिन्ही हुकले. मी टेबलावर हात आपटला. "हे यंत्र चोर आहे!" सौभाग्यवती स्वयंपाकघरातून धावत आल्या. नातू शांतपणे म्हणाला, "होतं असं कधी कधी." मग माझ्यातला मास्तर जागा झाला. वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला: एक वार हुकण्याची शक्यता तीन दशांश, तिन्ही हुकण्याची सत्तावीस हजारांश. म्हणजे शंभर हल्ल्यांत दोन-तीन वेळा हे व्हायचेच. तीन आठवड्यांत माझ्या जादूगारांनी शंभराच्या वर हल्ले नक्कीच केले असतील. संभाव्यतेचे हे उदाहरण मी वर्षानुवर्षे नाणी आणि फासे घेऊन फळ्यावर सोडवले होते, पण माझा माणूस त्या दोन-तीनांत पडल्यावर कसे वाटते ते मला ठाऊक नव्हते. पावसाचा अंदाज ऐकून पेरणारे माझे पालक मला गणित कळते म्हणून मान देत असत, याची आता गंमत वाटते.

यावर नातवाकडे उपाय होता. खेळ दर फेरीला आपोआप नोंद ठेवतो. वार हुकले की मागची नोंद उघडायची आणि पुन्हा खेळायचे, लागेपर्यंत. त्याचे सगळे मित्र असेच करतात म्हणे. यावरून आमचे खरे भांडण झाले. मी म्हटले, हरायला काय हरकत आहे? तो म्हणाला, "वेळ जातो ना, आबा." तेरा वर्षांचे पोर सुट्टीत म्हणते, वेळ जातो! रात्री त्याच्या आईचा फोन आला. नववीपासून क्लास लावायचा आहे, पहिल्या चाचणीत मागे पडला तर पुढे अवघड जाते, आणि बाबा, त्याला खेळाच्या नादी लावू नका. आता कोण कोणाला नादी लावत होते, ते सोडा. पण पहिल्याच चाचणीत मागे पडायचे नाही, हा फतवा त्याला घरातूनच मिळालेला होता. मागची नोंद उघडण्याची खोड मी उगाच संगणकाच्या माथी मारत होतो.

२०२५ च्या जुलैमध्ये शेजारच्या नागपूरची दिव्या देशमुख वयाच्या १९ व्या वर्षी जॉर्जियातल्या बाटुमी येथे कोनेरू हंपीला हरवून महिलांची विश्वचषक विजेती झाली, तेव्हा आमच्या गल्लीतही पेढे वाटले गेले. त्या आठवड्यात तीन पालक मला भेटले, मुलांना बुद्धिबळ शिकवाल का म्हणून. आनंदाने हो म्हटले. तिघांनीही विचारले, स्पर्धा जिंकायला साधारण किती दिवस लागतील? सुरुवातीला किती दिवस हरावे लागेल, हे कोणी विचारले नाही. मीही आपण होऊन सांगितले नाही. दोन मुले महिनाभरात यायची थांबली. तिसरी मुलगी अजून येते, दर रविवारी हरते आणि जाताना विचारते, "कोणती चाल चुकली?" तिला मी 'पुढे कळेल' म्हणत नाही; पट पुन्हा मांडतो. यात अर्धा तास जातो आणि सौभाग्यवतींचे जेवण थंड होते, ही त्यातली अडचण.

शाळा उघडण्याआधी नातू गेला. जाताना माझ्या जुन्या संगणकावर खेळ चढवून गेला. त्याला भारी यंत्र लागत नाही. परवा त्याचा फोन होता. "आबा, कितवी फेरी? मी इथून दाखवू का?" मी म्हटले, नको, माउसवरून हात काढ. नववी फेरी चालू आहे. पुढच्या फेरीला संध्याकाळ होईल. म्हणून फौज नदीच्या अलीकडेच थांबवली आहे. ऑर्क आलेच तर त्यांना पाण्यात उभे राहून लढावे लागेल, आणि पाण्यातल्या माणसाला, म्हणजे राक्षसाला, वार चटकन लागतात. घोडेस्वार मागे झाडाआड ठेवला आहे. त्यांचा भालाईत कुठे उभा आहे ते अजून दिसलेले नाही.