उन्हाळ्यात कोरडं दिसणारं घर

कॅम्प ४ मध्ये घरांच्या खरेदी-विक्रीचा हंगाम मार्चअखेरीस सुरू होतो आणि जूनच्या पहिल्या पावसाबरोबर ओसरतो. कारणं साधी आहेत. मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, नवी शाळा जूनमध्ये उघडणार असते, पाडवा आणि अक्षय तृतीयेचे मुहूर्त याच दिवसांत येतात, आणि पावसात सामान हलवायची कुणाचीच तयारी नसते. म्हणून लालचक्की, मराठा सेक्शन, व्हीनस चौक, सुभाष टेकडी, कुठेही जा. एप्रिलमध्ये एखाद्या तरी जिन्यात ताज्या रंगाचा वास येतोच. कुणीतरी घर विकायला काढलेलं असतं.

पूर्वी चुना मारला की घर दाखवायला तयार व्हायचं. आता दलालच यादी देतो. भिंतींना पुट्टी आणि फिका रंग. हॉलला पीओपीचं छत आणि त्यात पिवळे दिवे. टीव्हीच्या मागे पीव्हीसी पॅनेल. खिडक्यांना नवे पडदे. जुना पलंग आणि लोखंडी कपाट भावाच्या घरी हलवायचं, म्हणजे खोली मोठी वाटते. फर्निचर बाजार याच शहरात असल्यामुळे माल आणि कारागीर दोन्ही हाताशी. गिऱ्हाईक शक्यतो संध्याकाळी बोलवायचं आणि त्याच्या अर्धा तास आधी एसी लावून ठेवायचा, म्हणजे वरच्या मजल्याचा ताप कळत नाही.

यातल्या बऱ्याच गोष्टींना माझी हरकत नाही. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण चादर बदलतो, मोरी घासतो, मुलांची पुस्तकं नीट रचतो. घर बघायला येणाऱ्याला स्वच्छ, मोकळी, उजेडाची खोली दाखवणं हा त्याचा मान राखणंच आहे. आपली वस्तू नीटनेटकी करून मांडण्यात गैर काही नाही. माझा प्रश्न त्या पॅनेलच्या मागे काय आहे, एवढाच आहे.

मुंबईपासून बदलापूरपर्यंतच्या घराची खरी परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये होते. बाहेरच्या भिंतीतून ओल आत येते, खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते, वरच्या संडासाचं पाणी खालच्या छतावर उतरतं, रंग फुगून पोपडे सुटतात. दिवाळीनंतर हे सगळं सुकू लागतं. एप्रिलपर्यंत भिंतीवर पांढरा खार तेवढा उरतो. तो खरवडला, पुट्टी लावली, रंगाचे दोन हात दिले, की खुद्द घरमालकालाही ओलीची जागा पटकन सापडणार नाही. मे महिन्यात घर बघणारा माणूस कितीही चौकस असला तरी भिंतीवर हात ठेवून त्याला काय कळणार? भिंत खरंच कोरडी असते. ती बोलायला लागते जुलैत. तोवर रजिस्ट्रेशन झालेलं असतं, मुद्रांक शुल्क भरलेलं असतं, जुन्या घराची किल्ली परत गेलेली असते.

इतर गावांत हा प्रश्न ओलीपाशी थांबत असेल. उल्हासनगरात तो स्लॅबपर्यंत जातो. १५ मे २०२१ रोजी कॅम्प १ मधल्या मोहिनी पॅलेस इमारतीचा स्लॅब कोसळला. दोन आठवडेही झाले नव्हते, तोच २८ मेच्या रात्री नेहरू चौकाजवळच्या एका पाच मजली इमारतीचा वरचा स्लॅब खालचे मजले फोडत तळमजल्यापर्यंत आला आणि सात माणसं गेली. २२ सप्टेंबर २०२२ रोजी कॅम्प ५ मधल्या मानस टॉवरमध्ये तसंच झालं, चार जण गेले. यातल्या दोन दुर्घटना मे महिन्यातल्या आहेत, हे ध्यानात ठेवावं. छत कोरडं आहे म्हणजे स्लॅब धड आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

स्लॅब एका रात्रीत खराब होत नाही. काँक्रीटमध्ये वर्षानुवर्षं पाणी मुरतं, आतली सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि खालचा थर ढकलून पाडते. आधी केसासारखी चीर दिसते, मग तपकिरी डाग, मग पोपडे, मग उघडी सळई. म्हणजे स्लॅब पडण्याआधी बराच काळ सांगत असतो. हे ज्या जागेवर वाचायचं असतं, नेमक्या त्याच जागेवर आपण पीओपी ठोकतो. शोभेसाठी लावलेल्या पीओपीबद्दल मी बोलत नाही. सळई दिसू लागली म्हणून लावलेल्या पीओपीबद्दल बोलतो आहे. त्या छताखाली उद्या कुणाचं तरी मूल झोपणार आहे.

हे एकट्या उल्हासनगरचं नाही. विठ्ठलवाडीहून तीन स्थानकं पुढे बदलापूरला उल्हास नदीच्या काठची घरं उन्हाळ्यात ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून दाखवली जातात. एप्रिलची नदी शांत असते, गॅलरीतून छान दिसते. जुलै २०१९ मध्ये याच पट्ट्यात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती आणि हजारभर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं होतं. तळमजल्याच्या भिंतीवर पाण्याने जी रेघ ओढली असेल, तिच्यावरून रंगाचा ब्रश फिरवायला दहा मिनिटं पुरतात.

मुसलमान विक्रेत्याला या बाबतीत नवं काही शिकायची गरज नाही. पैगंबरांची एक हदीस आपण लहानपणापासून ऐकलेली आहे. ते बाजारातून जात होते, धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला तर आतलं धान्य ओलं लागलं. व्यापारी म्हणाला, पाऊस लागला. पैगंबरांचं म्हणणं होतं की मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. आणि जो फसवतो तो आमच्यातला नाही. पाऊस पडला हा त्या व्यापाऱ्याचा दोष नव्हता. ओल खाली लोटून कोरडं वर मांडणं हा दोष होता. दुसरी हदीस तर थेट सजावटीबद्दलच आहे म्हणा ना. विकण्याआधी बकरीचं किंवा उंटिणीचं दूध काढायचं थांबवून कास फुगलेली दाखवायची, या चलाखीला त्यांनी मनाई केली आणि फसलेल्याला जनावर परत करायची मुभा दिली. पुढे फिकहमध्ये ‘खियार-ए-ऐब’ हे तत्त्व पक्कं झालं: लपवलेला दोष नंतर सापडला तर ग्राहकाला सौदा मोडता येतो.

आपल्या देशाचा कायदाही वेगळं सांगत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष सांगणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. ‘बघून घेतलंय ना, मग आता तक्रार कसली?’ हे वाक्य आपल्याकडे फार चालतं. पीओपीच्या आड बघता येत नाही, तिथे ते वाक्य टिकत नाही.

यावर मिळणारी उत्तरंही मला माहीत आहेत. पहिलं उत्तर, ‘सगळेच करतात.’ त्याला उत्तर द्यायची गरज नाही. दुसरं जास्त खरं आहे: ‘आम्हालाही असंच विकलं होतं. खरं सांगितलं तर तीन-चार लाख पडतील. मुलीचं लग्न आहे, भावाचा वाटा द्यायचा आहे. आमचं नुकसान कोण भरून देणार?’ हा माणूस लबाड नाही, तो अडकलेला आहे. बिल्डर कधीच निघून गेला, सोसायटीकडे पैसे नाहीत, आणि हातात एक घर आहे ज्याची खरी किंमत त्याला बोलून दाखवता येत नाही. त्याच्या अडचणीबद्दल मला सहानुभूती आहे. पण आपलं नुकसान रंग लावून पुढच्याच्या गळ्यात घातलं की ते संपत नाही, फक्त हात बदलतं. आणि पुढचा माणूस बहुतेक वेळा आपल्यापेक्षा कमी ऐपतीचा असतो.

आपल्या समाजात तर हे ओझं आणखी वाढतं. अनेक सोसायट्यांत नाव ऐकल्यावर ‘घर विकलं गेलं’ असं उत्तर मिळतं. त्यामुळे मुसलमान कुटुंबाला निवडीला जागा थोडी उरते. कुणी ‘या, बघा’ म्हटलं की तो माणूस फार प्रश्न विचारत नाही. प्रश्न विचारले तर हेही घर जाईल, अशी भीती त्याला असते. कित्येक जण व्याज नको म्हणून कर्ज टाळतात आणि आयुष्याची बचत, बायकोचे दागिने, आखातातली कमाई एकरकमी मोजतात. असा माणूस आपल्यातल्याच कुणाकडून घर घेतो तेव्हा कागदापेक्षा सलामवर विसंबतो. त्या विश्वासावर पुट्टी फासू नये.

इथे एक विचित्र गोष्ट दिसते. घर दाखवायला काढलं की मुसलमान घरांत आधी दारावरची आयतुल कुर्सीची तख्ती उतरते, मग हॉलमधली काबाशरीफची तसबीर. दलालच सांगतो, ‘भाई, गिऱ्हाईक कोणीही येईल, जरा न्यूट्रल ठेवा.’ त्याचा नाइलाज मला समजतो, पण घरात कोण राहत होतं, कोणती प्रार्थना करत होतं, याचा स्लॅबशी काही संबंध नाही. ज्याची कुणाला चौकशी करायचं कारण नाही ते आपण काढून ठेवतो, आणि जे विचारायचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे ते झाकतो. माझ्या मते याच्या बरोबर उलट व्हायला हवं. तख्ती राहू द्या. पॅनेल काढा.

करायचं काय, हेही सांगतो. घर विकायला काढण्याआधी एका कागदावर लिहून काढा: कोणत्या भिंतीला ओल येते, शेवटची दुरुस्ती कधी झाली, पाणी किती तास येतं, सोसायटीची थकबाकी किती, बांधकामाच्या मंजुरीचे आणि जमिनीच्या सनदेचे कोणते कागद हातात आहेत. स्ट्रक्चरल ऑडिटची प्रत सोबत जोडा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. झालं नसेल तर ‘झालं नाही’ असं लिहा. पीओपी असेल तर एका कोपऱ्यात उघडणारं झाकण ठेवा, म्हणजे टॉर्च मारून स्लॅब बघता येईल. जुलैतले फोटो मोबाइलमध्ये असतातच, तेही दाखवा. दुरुस्तीला पैसे असतील तर आधी गळती बंद करा, मग रंग लावा. पैसे नसतील तर तेवढी किंमत कमी करा. हे झाल्यावर पडदे बदला, कुंड्या मांडा, खुशाल घर सजवा.

घेणाऱ्यानेही लाजू नये. शक्य असेल तर सौदा एक पावसाळा लांबवावा. नाहीच जमलं तर वरच्या आणि खालच्या मजल्याचं घर बघून यावं. विकायला न काढलेल्या घराची भिंत खरं सांगते. महापालिकेची धोकादायक इमारतींची यादी पावसाळ्याआधी निघते, ती पाहावी. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची इमारत, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. आपली इमारत यात कुठे आहे, हे विचारण्यात कुणाचा अपमान नाही.

हे शहर घर गमावलेल्यांनी वसवलं. सिंधमधली घरं मागे टाकून आलेली माणसं लष्कराच्या बराकींत राहिली, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळालं. भिंत कुणाची, छप्पर कुणाचं, याची किंमत इथे निदान समजावून सांगावी लागू नये. या उन्हाळ्यात कॅम्प ४ मधल्या दहा विक्रेत्यांनी जरी तो एक कागद लिहून ग्राहकाच्या हातात दिला, तरी अकराव्याला गिऱ्हाईक स्वतःहून विचारेल, ‘तुमचा कागद कुठे आहे?’ सुरुवात आपल्यापासून झाली तर मला आनंद होईल.