बंदुकीचा परवाना दिला, देखभालीचे काय?

कोकणात भात लोंबीला येते तेव्हा पाऊस सरलेला नसतो. रानडुकरे शेतात उतरतात तीही याच दिवसांत, आणि शेतीसंरक्षणाचा परवाना असलेला शेतकरी बंदूक घेऊन रात्रभर राखणीला बसतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीत ही बंदूक भिजणारच. सरकार मात्र बंदुकीकडे परवाना आणि क्रमांक एवढ्याच नजरेने पाहते. २०१९ च्या शस्त्र कायदा दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. म्हणजे दोन नूतनीकरणांच्या मध्ये पाच पावसाळे जातात. नूतनीकरणातही भर असतो तो कागद तपासण्यावर आणि क्रमांक जुळवण्यावर. नळी आतून कशी आहे, हेही तेव्हाच पाहिले जावे आणि दर पावसाळ्यानंतर एकदा बंदुकीची तपासणी व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

गंजाने बंदूक कुरूप होते एवढाच प्रश्न असता, तर हा विषय मालकावर सोडून देता आला असता. पण ओल धरलेल्या काडतुसातली दारू नीट पेटत नाही. धडाक्याऐवजी दबका आवाज येतो आणि दारू व छर्रे यांच्यामधले बूच नळीतच अडकून बसते. अंधारात, डुकरे समोर असताना, ते लक्षात न येता दुसरे काडतूस भरून चाप ओढला, तर कोंडलेल्या वायूच्या दाबाने नळी फुटू शकते, आणि नळीखाली माणसाचा डावा हात असतो. नळीत चिखल गेला असेल तरी हाच धोका. ठासणीच्या बंदुकीत आणखी एक भर पडते. काळ्या दारूची राख हवेतली ओल शोषून घेते, त्यामुळे बार काढून तशीच ठेवलेली नळी दमट हवेत लवकर गंजते. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत तर विचारायलाच नको.

शेतकऱ्याला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याला काय शिकवायचे, असा आक्षेप येईल. बंदूक चालवणे त्याला ठाऊक आहे, यात शंका नाही. पण घरात हाताशी असते म्हणून बंदुकीला खोबरेल चोपडले, तर ते कालांतराने खवट आणि चिकट होते, थंडीत थिजते, आणि घोड्याच्या कळीत धूळ धरून बसते. भिजलेली बंदूक चुलीजवळ वाळवली की लाकडी दस्त्याला चीर जाते. कापडी खोळीत घालून कोपऱ्यात उभी केली, तर खोळीतली ओल दिवसेंदिवस लोखंडाला चिकटून राहते. योग्य रीत अवघड नाही. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून आधी काडतूस काढायचे, नळी उघडून रिकामी असल्याची खात्री करायची, सगळे भाग कोरड्या फडक्याने पुसायचे, गजाला चिंधी लावून ती कोरडी बाहेर येईपर्यंत नळीतून फिरवायची, उघड्या हवेत वाळू द्यायचे आणि मग बंदुकीच्या किंवा शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्यायचा. ठासणीची नळी त्याआधी गरम साबणाच्या पाण्याने धुवावी लागते. मात्र ठासलेला बारच भिजला असेल, तर तो घरी उकरण्याच्या भानगडीत न पडता परवानाधारक कारागिराकडेच जावे. भिजलेली काडतुसे वाळवून पुन्हा वापरू नयेत. २०१६ च्या शस्त्र नियमांत नव्या अर्जदारांसाठी सुरक्षा प्रशिक्षण आहे, परंतु आजोबांच्या काळापासूनचे परवाने असलेल्या घरांपर्यंत ते कसे पोहोचणार?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: बंदुका सुस्थितीत ठेवायला मदत करणे म्हणजे शिकारीला बळ देणे. परवाना म्हणजे वन्यप्राणी मारण्याची मुभा नव्हे. त्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी लागते, आणि ती अट सैल व्हावी असे मी म्हणत नाही. पण शिकाऱ्याला आवरायचे काम गंजावर सोपवता येत नाही. तो गंज परवानाधारकाच्या आणि शेजारी बसलेल्या राखण्याच्या जिवावर उठतो. उलट दरवर्षी बंदूक समोर आली, तर ती कोणाच्या हातात आहे याचीही खातरजमा होईल.

पोलिसांकडे वेळ नाही, हे खरे. परंतु जिल्हा पोलीस मुख्यालयात शस्त्रे जाणणारी माणसे असतात. त्यांनी नोव्हेंबरमध्ये तालुक्यागणिक एक दिवस दिला तरी पुष्कळ होईल. दुरुस्तीलाही कायद्याने परवाना लागतो, त्यामुळे गावचा लोहार हे काम करू शकत नाही. म्हणून परवानाधारक कारागीरही त्याच दिवशी तिथे हवा.

निवडणुकीत जमा होणाऱ्या बंदुकांचा विचार तर तातडीने व्हावा. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्च ते ६ जून होती. ज्यांना बंदुका जमा कराव्या लागल्या, त्यांना त्या ऐन पावसाच्या तोंडावर परत मिळणार होत्या. तोवरच्या दमट हवेत या बंदुकांना तेलाचा हात कोणी द्यायचा, हे ठरलेले असायला हवे. जमा करताना पावतीवर क्रमांकाबरोबर नळीची, घोड्याची आणि दस्त्याची स्थिती लिहावी, आणि परत देताना तीच पावती समोर ठेवून मालकासमक्ष बंदूक उघडून दाखवावी.