विश्लेषण : व्हिडीओ गेममधील मंदिराची मोडतोड जपानच्या संसदेत का गाजली?

‘असासिन्स क्रीड शॅडोज’ हा व्हिडीओ गेम २० मार्च २०२५ रोजी जगभर उपलब्ध झाला. त्याच्या आदल्याच दिवशी जपानच्या संसदेत थेट पंतप्रधानांना या गेमविषयी प्रश्न विचारण्यात आला. फ्रेंच कंपनी युबीसॉफ्टच्या या गेमने इतिहास, धार्मिक श्रद्धा आणि कलास्वातंत्र्य यांच्यातील जुनाच वाद नव्या माध्यमात आणला.

गेम नेमका कशावर आधारित?

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील जपान ही या गेमची पार्श्वभूमी. सरदारांच्या आपसातील लढायांच्या या काळात ओदा नोबुनागा देश एका छत्राखाली आणण्याच्या प्रयत्नात होता. त्याच्या फौजांनी १५८१ मध्ये इगा प्रांत जिंकला. गेमची नायिका नाओए याच इगातील. ती काल्पनिक आहे. नायक यासुके मात्र इतिहासात होऊन गेला. हा ‘ओपन वर्ल्ड’ प्रकारचा गेम आहे. म्हणजे ठरलेल्या वाटेनेच पुढे जाण्याचे बंधन नाही. क्योतो, ओसाका परिसरातील गावे, किल्ले, मंदिरे खेळाडू हवी तशी पालथी घालू शकतो.

यासुकेवरून वाद कशासाठी?

यासुके हा आफ्रिकी वंशाचा. जेझुइट धर्मप्रसारक अलेस्सांद्रो व्हालिन्यानो यांच्यासोबत तो १५७९ मध्ये जपानला आला आणि १५८१ मध्ये नोबुनागाच्या सेवेत दाखल झाला. पुढच्याच वर्षी होन्नो-जी येथे विश्वासघातात नोबुनागाचा अंत झाला आणि त्यानंतर यासुकेचा माग जवळपास संपतो. जेझुइटांची पत्रे आणि नोबुनागाचे समकालीन चरित्र यांत त्याचे मोजकेच उल्लेख आहेत. चरित्राच्या एका प्रतीत त्याला मानधन, घर आणि तलवार दिल्याची नोंद आहे. तेवढ्यावरून त्याला ‘सामुराई’ म्हणावे का, यावर मतभेद आहेत. कंपनीने जाहिरातीत मात्र त्याला सामुराई म्हणूनच पेश केले. त्याला आफ्रिकी नायकच नको असलेल्यांच्या वर्णद्वेषी शेरेबाजीची जोड मिळाली आणि अभ्यासाचा मुद्दा गोंगाटात हरवला. अखेर जुलै २०२४ मध्ये कंपनीने जपानी चाहत्यांसाठी निवेदन काढले. गेम हे ऐतिहासिक ललित आहे, यासुकेबाबत मतभेद आहेत हे मान्य, असे सांगून प्रचारसाहित्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. इतिहासप्रेमींच्या एका जपानी मंडळाचे निशाण चित्रात विनापरवानगी वापरल्याबद्दलही कंपनीला माफी मागावी लागली.

संसदेत प्रश्न का गेला?

हिमेजी शहरातील इतातेह्योझु हे शिंतो मंदिर गेममध्ये आहे. तेथील वस्तूंची मोडतोड करता येत असल्याचे चित्रफितींतून समोर आले. आपली परवानगी घेतली नसल्याचे मंदिराने सांगितले. सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचे खासदार हिरोयुकी काडा यांनी वरिष्ठ सभागृहात हा मुद्दा मांडला. गेमचे अनुकरण करून कोणी प्रत्यक्ष मंदिरात नासधूस केली तर काय, अशी त्यांची चिंता होती. पर्यटकांच्या बेशिस्तीने त्रासलेल्या जपानमध्ये ती अनेकांना पटणारी होती. मंदिराची विटंबना हा देशाचा अवमान ठरेल, असे उत्तर तत्कालीन पंतप्रधान शिगेरू इशिबा यांनी दिले. त्यांचा रोख प्रत्यक्षातील विटंबनेकडे होता. गेमवर बंदीची घोषणा त्यांनी केली नाही. कंपनीने पहिल्याच दिवशी सुधारणा आणली आणि मंदिरांतील काही वस्तू फोडता येणार नाहीत, अशी सोय केली.

परदेशी स्टुडिओ हेच दुखणे होते का?

तसे दिसत नाही. २०२० मध्ये आलेला ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ हाही अमेरिकी स्टुडिओचाच गेम. १२७४ मधील मंगोल आक्रमणावरील या गेममध्ये हायकू रचण्याची सोय आहे. प्रत्यक्षात हायकू हा काव्यप्रकार त्यानंतर काही शतकांनी रुजला. तरीही जपानने तो डोक्यावर घेतला. त्सुशिमा बेटाने गेमच्या दिग्दर्शकांना पर्यटनदूत केले. वादळात तेथील एका मंदिराची तोरी, म्हणजे कमान, पडली तेव्हा तिच्या उभारणीसाठी ५० लाख येनचे आवाहन होते. खेळाडूंच्या साथीने अडीच कोटी येनहून अधिक निधी जमला. थोडक्यात, तपशिलातील चूक खपून जाते. अनादर झाल्याची भावना खपत नाही.

चित्रपटापेक्षा हा प्रश्न वेगळा कसा?

महाराष्ट्राला असे वाद नवे नाहीत. ‘छावा’ चित्रपटातील लेझीम नृत्याचे दृश्य आक्षेपांनंतर प्रदर्शनापूर्वीच वगळण्यात आले. चित्रपटात पात्र काय करते हे दिग्दर्शक ठरवतो. ओपन वर्ल्ड गेममध्ये ते खेळाडूच्या हाती असते. निर्माता फक्त काय शक्य आणि काय अशक्य याची चौकट आखतो. त्यामुळे कात्री लावायला ठरावीक दृश्यच नसते, बदलावा लागतो तो खेळाचा नियम. मंदिरातील वस्तू अभेद्य करणे हा तसाच बदल. दुसरीकडे, जे फिरून पाहिले ते खरेच असणार, असा ग्रह खेळाडूच्या मनात सहज बसतो. याच मालिकेतील ‘युनिटी’ या गेममध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील नोत्र-दाम चर्चवर दिसणारा मनोरा प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकातला आहे.

पुढे काय?

वादाचा खपाला फटका बसला असे दिसले नाही. आठवडाभरात ३० लाख जणांनी गेम खेळल्याचे कंपनीने सांगितले. याच मालिकेत १८४१ च्या शीख साम्राज्यावर बेतलेला एक छोटा गेम २०१६ मध्ये येऊन गेला आहे. कंपनीचा एक स्टुडिओ पुण्यातही आहे. उद्या सह्याद्रीतील किल्ले अशा मोठ्या गेममध्ये आले, तर तटबंदीचे मोजमाप अचूक असणे पुरेसे ठरणार नाही. त्या किल्ल्यावर खेळाडूला काय करता यावे आणि काय करता येऊ नये, हे आधीच ठरवावे लागेल. ते ठरवताना स्थानिकांना आणि अभ्यासकांना विचारायचे की वाद पेटल्यावर माफीनामा काढायचा, एवढाच पर्याय निर्मात्यांच्या हाती असेल.