क्लबसाठी हेलिकॉप्टर : एक मोठं की दहा छोटी?

एरोमॉडेलिंग क्लबमध्ये नवीन येणाऱ्या बहुतेकांना हेलिकॉप्टरच उडवायचं असतं. ग्लायडरसाठी बाल्सा घासून घासून हात दुखतात, आणि तिकडे यूट्यूबवर कुणीतरी भलंमोठं हेलिकॉप्टर उलटं करून जमिनीपासून वीतभर उंचीवर गवत कापत असतो! तो व्हिडिओ बघितला की पुढचा प्रश्न ठरलेला : "आपला क्लब असलं कधी घेणार?"

माझं मत स्पष्ट आहे. एवढ्यात घेऊ नये. तेवढ्या पैशांत तळहाताएवढी दहा हेलिकॉप्टरं घ्यावीत आणि फर्स्ट इयरच्या पोरांच्या हातात द्यावीत. काही सीनियर मंडळींना हे आवडणार नाही, पण निदान कारणं तरी ऐकून घ्या.

मोठं मॉडेल घेतलं की काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. टेक्फेस्टला त्याचा शो होतो, टाळ्या पडतात, फोटो निघतात. उडवणारे मात्र दोघंच. बाकीचे बॅटऱ्या वाहतात आणि गर्दीला "मागे सरका, मागे सरका" करतात. ते दोघं पास आऊट झाले की मॉडेल कपाटात, कारण आपटलं तर ब्लेड, शाफ्ट, गिअर, टेल बूम असा सगळा खर्च कोण करणार? ज्या वस्तूला हात लावायचीच भीती वाटते, तिच्यावर शिकणार काय, कपाळ?

त्यात धोका वेगळाच. 450 साइझचं हेलिकॉप्टर घ्या, जे या छंदात मध्यमच समजतात. रोटरचा व्यास साधारण 70 सेंमी, फिरतो 2600 आरपीएमने. पाय डी एन भागिले साठ करा, आकडेमोड आपल्यालाच येते. ब्लेडच्या टोकाचा वेग सेकंदाला 95 मीटर, म्हणजे ताशी 340 किलोमीटरच्या आसपास! सप्टेंबर 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका बागेत 19 वर्षांचा मुलगा स्वतःच्याच मोठ्या आरसी हेलिकॉप्टरचा फटका बसून जागीच गेला. तो काही नवशिका नव्हता. आपल्या ग्राउंडवर तर बाजूलाच क्रिकेट चालू असतं.

आता छोटं म्हणजे नक्की कुठलं? इथे बरेचजण फसतात. खेळण्यांच्या दुकानात जे एकावर एक दोन पंखे असलेलं मिळतं, ते कोअॅक्सियल. दोन्ही रोटर उलटसुलट फिरतात, एकमेकांचा टॉर्क खातात, म्हणून ते बिचारं आपोआप स्थिर राहतं. त्यातली स्वस्त मॉडेलं तीन चॅनलची असतात, म्हणजे वर-खाली, पुढे-मागे आणि नाक वळवणं. डावी-उजवीकडे सरकणं त्यांना येतच नाही. भाच्याच्या वाढदिवसाला उत्तम. पण त्यावर महिनाभर हात बसला तरी खऱ्या हेलिकॉप्टरपुढे तुम्ही कोरेच.

आपल्याला हवं ते चार चॅनलचं, एका मुख्य रोटरचं, फिक्स्ड पिच. ब्लेडचा कोन कायम, उंची बदलायची ती आरपीएम कमी-जास्त करून. त्यामुळे थ्रॉटल दिल्यावर ते क्षणभर विचार करतं आणि मग वर जातं. कलेक्टिव्ह पिचमध्ये आरपीएम जवळपास कायम ठेवून ब्लेडचा कोन बदलतात. प्रतिसाद ताबडतोब, उलटं उडणंही त्यामुळेच जमतं, आणि नवशिक्याच्या हातून ते आपटतंही तितक्याच ताबडतोब. ती पुढची पायरी.

छोट्या फिक्स्ड पिचचं वजन इतकं कमी की भिंतीवर आदळलं तरी बहुतेक वेळा उचलून परत उडवायचं. फार तर एखादा गिअर किंवा ब्लेड बदला. एक नियम मात्र बोटांत भिनवायचा : आपटणार असं दिसलं की थ्रॉटल शून्य! घाबरून थ्रॉटल वाढवणं हा माणसाचा स्वभाव आहे, आणि सगळी मोडतोड त्यातूनच होते.

"ड्रोन असताना हेलिकॉप्टर कशाला?" असंही विचारतात. कारण कॅमेऱ्याचा ड्रोन स्टिक सोडली की जागेवर उभा राहतो. उडवतो तो कंट्रोलर, आपण फक्त सूचना देतो. हल्ली बॅरोमीटर आणि खाली बघणारा सेन्सर लावून जागा धरून ठेवणारी छोटी हेलिकॉप्टरंही निघालीत. शिकण्यासाठी ती घेऊ नका. जायरोने आपोआप सरळ होणारं चालेल, पण ती सोय बंद करता आली पाहिजे.

खरी मजा पुढे आहे. ही सोय बंद केली की सायक्लिक स्टिकने तुम्ही हेलिकॉप्टरची जागा ठरवत नाही, कोनसुद्धा ठरवत नाही. ठरवता तो कोन बदलण्याचा वेग. कोनामुळे त्वरण, त्वरणातून वेग, वेगातून जागा. म्हणजे बोट आणि जागा यांच्यामध्ये इंटिग्रेटरची रांगच उभी! म्हणून डावीकडे स्टिक दिली तर थांबवायला उजवीकडे द्यावी लागते, तीही हेलिकॉप्टर सरकायच्या आधी. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात लीड कॉम्पेन्सेटर गरजेचा का, हे बोटांना इथे कळतं.

तसंच, मुख्य रोटर वरून बघता घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर हॉवर करताना मॉडेल किंचित उजवीकडे कललेलं दिसतं. बनावटीतला दोष नाही तो. टेल रोटर टॉर्क सावरताना अख्ख्या हेलिकॉप्टरला डावीकडे ढकलतो, त्याची ती भरपाई. टीओएममध्ये जहाजाचं जायरोस्कोपिक कपल काढून आपण मार्क मिळवतो, पण फिरत्या रोटरला दिलेल्या धक्क्याचा परिणाम नव्वद अंश पुढे दिसतो हे किती जणांनी डोळ्यांनी पाहिलंय?

सुरुवात सिम्युलेटरवरच करायची. रिअलफ्लाइट, हेली-एक्स अशी बरीच आहेत. लॅपटॉप प्रत्येकाकडे आहे, ट्रान्समिटर क्लबचा जोडा. कीबोर्डवर नको, सवय बिघडते. आधी शेपूट आपल्याकडे ठेवून हॉवर, मग बाजू आपल्याकडे, शेवटी नाक आपल्याकडे. नाक आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं आणि भल्याभल्यांची फजिती होते. त्यावर तोडगा असा : ज्या बाजूला कलतंय त्या बाजूला स्टिक न्यायची, पडत्या भिंतीला टेकू द्यावा तशी. हे जमेपर्यंत पुढे उडवायचा हट्ट नको, कारण पुढे गेलेलं मॉडेल कधी ना कधी आपल्याकडे तोंड करून परत यायचंच असतं.

छोट्या मॉडेलची बाजू घेणारा मी पहिला नाही. बेल 47 या प्रसिद्ध हेलिकॉप्टरमागचे आर्थर यंग यांनी 1928 पासून स्वतःच्या खर्चाने प्रयोग चालवले होते. काही वर्षं मोठ्या मॉडेलमागे घालवल्यावर ते विजेवर चालणाऱ्या छोट्या मॉडेलकडे वळले. मोडलं की दुरुस्त करून पुन्हा उडवता येतं ना! 1941 मध्ये बेल कंपनीने त्यांना बोलावलं ते असंच छोटं मॉडेल बघून. बेल 47 ने पहिलं उड्डाण केलं डिसेंबर 1945 मध्ये.

खरेदीचं थोडक्यात. ज्याचे ब्लेड, गिअर आणि बॅटऱ्या भारतात मिळतात तेच मॉडेल घ्या. फेब्रुवारी 2022 मध्ये सरकारने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा परदेशी साइटवरची ऑफर बघून हुरळून जाऊ नका, पार्सल कस्टममध्ये अडकू शकतं. 2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंतचं यान नॅनो वर्गात येतं आणि हौसेसाठी उडवायला पायलटचं लायसन्स लागत नाही. विमानतळाजवळची बंदी मात्र त्यालाही आहे. तसंही हे मॉडेल वाऱ्यात टिकत नाही, म्हणून बॅडमिंटन हॉलच बरा. रात्री नऊनंतर तो रिकामाच असतो, जिमखान्याच्या सरांकडून आठवड्याचे दोन दिवस मागून घेता येतील.

राहिल्या बॅटऱ्या. लिथियम पॉलिमरचा सेल 4.2 व्होल्टच्या वर चार्ज करायचा नाही आणि 3 व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नाही. फुगलेला सेल वापरायचा नाही. आणि हॉस्टेलच्या रूमवर गादीशेजारी चार्जिंगला लावून झोपायचं तर अजिबात नाही. दहा हेलिकॉप्टरं रूमवर न्यायला द्यावीत, पण चार्जर क्लबरूममध्येच राहावा, आणि त्याच्या वहीत सही केल्याशिवाय कुणालाही, अगदी फायनल इयरवाल्यांनाही, बॅटरी मिळू नये.