टाके निघाले, म्हणजे जखम भरली का?

पोलीस भरतीची तयारी करणारा एक तरुण परवा दवाखान्यात आला. पाठीवरची चरबीची गाठ काढलेली, टाके निघून दोनच दिवस झालेले. त्याने जोर मारले आणि जखम उसवली. ‘टाके निघाले म्हणजे बरे झाले ना, डॉक्टर?’ हा त्याचा प्रश्न.

चूक त्याची एकट्याची नाही. आम्ही डॉक्टरही ‘जरा जपा’ एवढेच सांगून मोकळे होतो. वरून कातडी जुळलेली दिसली, तरी आठवड्याच्या जखमेत मूळच्या सुमारे १० टक्केच ताकद असते. तीन महिन्यांनीही ती सहसा ८० टक्क्यांपुढे जात नाही.

म्हणून पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी. पुढे सावकाश चालण्यास हरकत नाही. पाठ-पायांचे टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. त्यानंतरही जखमेवर ताण आणणारे जोर, बैठका, ओझे तीन-चार आठवडे टाळावे. मग हळूहळू वाढवावे. जखम भरेपर्यंत विहिरीत पोहू नये. लाली वाढली, पू आला वा ताप भरला तर लगेच दाखवावे.

तरुणाची भरती हुकते, तशी डोलीवाल्याची मजुरी बुडते. फर्दापूरजवळच्या अजिंठा लेण्यांत डोली वाहणाऱ्यांचे खांदे हेच भांडवल! साधी गाठ असेल, तर डॉक्टरांना विचारून ती गर्दी नसताना काढावी.

माझे मत स्पष्ट आहे. व्यायाम आणि काम केव्हा सुरू करायचे, ती तारीख चिठ्ठीवर लिहिलीच पाहिजे. डॉक्टर विसरले, तर तुम्ही मागून घ्या.