‘डॉक्टर, चिठ्ठीत दारूचं लिहू नका’

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एक गृहस्थ घसरून पडले, मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रियेसाठी त्यांना शहरात पाठवायचे होते. मी चिठ्ठी लिहीत असताना त्यांच्या पत्नीने हळूच विनविले, "डॉक्टर, दारूचं तेवढं लिहू नका. मुलीचं लग्न ठरतंय." मला त्या माउलीची दया आली. मी लिहिले नाही.

तिसऱ्या दिवशी गृहस्थांचे हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला, भिंतीवर किडे दिसू लागले. नातेवाइकांना वाटले, बाहेरची बाधा! अंगारे-धुपारे झाले. तेथील डॉक्टरांनी खोदून विचारले तेव्हा खरे बाहेर आले. उपचार झाले, गृहस्थ वाचले. पण चूक माझी होती.

वाचकहो, दारू मेंदूला गुंगविते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू त्या गुंगीविरुद्ध सतत जोर लावून असतो. दारू एकाएकी थांबली की नुसता जोर उरतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. आधी कळल्यास योग्य गोळ्या आणि ब-१ जीवनसत्त्व देऊन हा धोका पुष्कळ टाळता येतो. म्हणूनच ‘खोलीत कोंडा, आपोआप सुटेल’ हा घरगुती इलाज कधीही करू नये.

मधुमेह आपण चारचौघांत सांगतो. व्यसन आणि मनाचे आजार मात्र डॉक्टरांपासूनही लपवितो. व्यसनी म्हणजे नालायक, मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे ‘वेड्यांचा डॉक्टर’, अशी आपली समजूत! २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही आजारांतच धरले आहेत, आणि रुग्णाची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्कही दिला आहे. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ने व्यसनी माणसाला माणूस म्हणून वागविता येते, हे महाराष्ट्राला दाखविले आहे.

घरात कोणी पीत असेल, कोणी झोप-जेवण सोडून गप्प बसत असेल, तर आपल्या डॉक्टरांना निःसंकोच सांगा. दवाखान्यात बोलणे जड जात असेल, तर १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

आता माझ्या चिठ्ठीत मी सारे लिहितो. घरच्यांना एवढेच सांगतो, "बाई, ही चिठ्ठी डॉक्टर वाचणार आहेत, गाव नव्हे."