नुसती स्क्रिप्टच तर आहे!

"अरे, नुसती स्क्रिप्टच तर आहे ती! प्रॉडक्ट थोडंच आहे?"

हे वाक्य ऐकलं की हल्ली माझं डोकं फिरतं. का फिरतं ते सांगतो. थोडं तांत्रिक आहे, पण या क्षेत्रातल्या नसलेल्या मंडळींनाही कळेल असं सांगायचा प्रयत्न करतो.

मागे आमच्याकडे एक डिव्हाइस टेस्टिंगमध्ये मधूनच गोठायचं. गोठल्या क्षणाचा मेमरी डंप हातात होता. त्यात दिसत होतं की एका म्युटेक्ससाठी चार-पाच टास्क ताटकळत उभे आहेत. लिनक्समध्ये म्युटेक्सच्या आतच त्याच्या मालकाचा, म्हणजे लॉक धरून बसलेल्या टास्कचा पत्ता असतो. शेवटचे ३ बिट फ्लॅगचे, ते पुसले की झालं. तो पत्ता काढला आणि आमच्या घरगुती जीडीबी स्क्रिप्टने छापलेल्या यादीत शोधला. नाही! मालकच गायब. म्हणजे टास्क मेला आणि लॉक तसंच राहिलं, किंवा कुणीतरी मेमरीची वाट लावली. मग नुकताच बदललेला ड्रायव्हर कुणाचा? टीममधल्या सगळ्यात ज्युनिअर मुलीचा. झालं! दोन दिवस बिचारीने मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ऐकून घेतलं. बोलणाऱ्यांत मीही होतो, कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, ही यादी पूर्ण आहे हे कशावरून?"

तिने साधी गोष्ट केली होती. धडधाकट चालणाऱ्या बोर्डावर थ्रेडसकट पीएस चालवून ओळी मोजल्या, आणि त्याच वेळी आमची स्क्रिप्ट चालवून तिच्याही मोजल्या. स्क्रिप्टच्या ओळी निम्म्यासुद्धा नव्हत्या.

कारण अगदी शाळकरी निघालं. लिनक्सच्या कर्नलमध्ये प्रत्येक थ्रेडला स्वतःचं टास्क स्ट्रक्चर असतं. पण पहिल्या टास्कपासून सुरू होणाऱ्या मुख्य साखळीत प्रत्येक प्रोसेसचा फक्त म्होरक्या असतो. बाकीचे थ्रेड दुसऱ्या साखळीत लटकलेले असतात. आमची स्क्रिप्ट म्होरके मोजून परत यायची. लॉकचा मालक एक साधा वर्कर थ्रेड होता, जिवंत होता, आणि लॉक हातात धरून भलत्याच कशाची तरी वाट बघत बसला होता. त्या लॉकचा आणि तिच्या ड्रायव्हरचा काडीचाही संबंध नव्हता.

स्क्रिप्टने कुठेही एरर दिली नाही. शांतपणे खोटं बोलली, आणि आम्ही तिच्यावर विश्वास ठेवून एका माणसावर आळ घेतला. नुसती स्क्रिप्ट म्हणे!

आता कुणी म्हणेल, तयार स्क्रिप्ट का नाही वापरल्या? आहेत ना. कर्नलच्या सोर्समध्येच जीडीबीसाठी पायथनमधल्या स्क्रिप्ट आहेत. सीमेन्सच्या यान किस्काने त्या लिहिल्या आणि २०१५ मध्ये ४.० आवृत्तीबरोबर त्या आल्या. त्यातली एलएक्स-पीएस ही कमांड थ्रेडसुद्धा दाखवते. पण तिचीही रडकथा आहे. २०२३ मध्ये टास्क स्ट्रक्चरमधलं थ्रेड ग्रुप नावाचं फील्ड कर्नलमधून काढून टाकलं गेलं, आणि ही कमांड असं फील्डच नाही म्हणून मोडून पडली. दुरुस्ती नंतर आली. त्याआधी २०२१ मध्ये, ५.१४ आवृत्तीत, टास्कची अवस्था सांगणाऱ्या फील्डचं नावच बदललं आणि ते नाव धरून लिहिलेल्या बाहेरच्या स्क्रिप्टा अडकल्या. निदान या ओरडून मोडतात, हे बरं. पण एलएक्स-पीएस छापते काय? पत्ता, पीआयडी आणि नाव. टास्क पळतोय, झोपलाय की अडकलाय, मशीन गोठल्यावर हाच तर पहिला प्रश्न! आणि मी वापरलेल्या आवृत्त्यांमध्ये त्याचाच रकाना नाही.

हे सगळं परवा शनिवारी अलिबागला आठवलं. मांडव्याची बोट, समुद्र, मासे, नेहमीचंच. तिथल्या चुंबकीय वेधशाळेवरून जाताना मात्र थबकलो. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर विजेच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे उघड होतं. म्हणून अलिबागला, लोखंड टाळून, नवी वेधशाळा उभारली आणि १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या. तेव्हा संचालक होते नानाभॉय मूस. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. नवं सुरू झालं म्हणून जुनं लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत, दोन वर्षं, दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चाललं. दोन्ही आकडे शेजारी ठेवले, फरक समजून घेतला, मगच कुलाबा थांबवलं. ट्राम धावली १९०७ मध्ये!

सव्वाशे वर्षांपूर्वी या लोकांना कळत होतं की उपकरणही तपासावं लागतं. आमच्या ज्युनिअर मुलीलाही कळलं. कळलं नाही ते आम्हा सीनियर लोकांना.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. डीबगरची स्क्रिप्ट कर्नलच्याच रिपॉझिटरीत हवी, कुणाच्या होम डिरेक्टरीत नको. जो फील्ड बदलेल त्याने त्याच पॅचमध्ये स्क्रिप्टही बदलावी. आकड्यातले ऑफसेट ठोकून बसवू नयेत, डीबग माहितीतून नावाने काढावेत. फील्ड सापडलं नाही किंवा साखळी तुटलेली दिसली तर स्क्रिप्टने तसं स्पष्ट सांगावं, अर्धी यादी छापून गप्प बसू नये. आणि रोज रात्रीच्या बिल्डमध्ये क्यूईएमयूवर कर्नल चालू करा, पाच थ्रेडचा एक प्रोग्राम सोडा, आणि पीएस व स्क्रिप्ट दोघांना मोजायला लावा. आकडे जुळले नाहीत तर बिल्ड लाल. एवढंच!

"पण वर्षातून दोनदा लागते रे, एवढा वेळ कोण घालवणार?" असं मला ऐकवलं जातं. अहो, आग विझवायचं नळकांडंही वर्षानुवर्षं लागत नाही. म्हणून रिकामं लटकवता का? वर्षातले ते दोन दिवस म्हणजे लॉग संपलेले, तर्क संपलेले आणि कस्टमर फोनवर. त्या दिवशी स्क्रिप्ट म्हणेल तेच खरं मानलं जातं.

आमच्या नवीन स्क्रिप्टवर आता त्या मुलीचं नाव आहे. तिची जाहीर माफी मीटिंगमध्येच मागितली, जिथे बोललो होतो तिथेच. असो. सोमवारी ऑफिसला गेलात की तुमच्या टीमची 'नुसती स्क्रिप्ट' एकदा धडधाकट मशीनवर चालवा आणि ओळी मोजून बघा.